ग्लिअल पेशी कशा घडतात: आधी जागा आणि वेळ पाहा, मार्कर नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पुस्तकातल्या आकृतीत एका चेतामूलपेशीला तीन फाटे फुटतात, चेतापेशी, ॲस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट. प्रत्यक्षात नवजात रॅटच्या मेंदूचं कल्चर केलं की बशीभर जीएफएपीने (ॲस्ट्रोसाइटची खूण, म्हणजे मार्कर, मानलेल्या प्रथिनाने) रंगणाऱ्या पेशी दिसतात आणि ऑलिगोडेंड्रोसाइट जेमतेम. मग पृष्ठवंशीय प्राण्यांत ग्लिया (चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी) घडते तरी कशी, आणि बशीत ती अशी का वागते?

त्या आकृतीत दोन गोष्टी गाळलेल्या असतात: पेशी चेतानलिकेच्या (गर्भात जिच्यापासून मेंदू आणि मेरुरज्जू घडतात त्या नळीच्या) कुठल्या भागातून निघाली आणि कोणत्या दिवशी निघाली. ग्लियाचं जवळपास सगळं गणित या दोन गोष्टींवर बसतं. म्हणून आधी ते पाहू आणि बशीकडे शेवटी येऊ. खाली दिलेले दिवस, वेगळं सांगितलं नसेल तिथे, प्रयोगशाळेतल्या उंदराच्या गर्भाचे आहेत. त्याचा गर्भकाळ सुमारे १९ दिवसांचा असतो. रॅटमध्ये तेच टप्पे साधारण दीड-दोन दिवस उशिरा येतात. दोन प्राण्यांचे दिवस एकमेकांत मिसळल्याने फसलेले प्रयोग कमी नाहीत.

एक नाव, तीन घराणी

रुडॉल्फ फिरखो यांनी १८५०च्या दशकात ‘न्यूरोग्लिया’ हे नाव रूढ केलं ते चेतापेशींना धरून ठेवणारा गोंद या अर्थाने. गोंदाची कल्पना कधीच मागे पडली, पण नाव राहिलं आणि त्या एका नावाखाली मुळात वेगवेगळ्या घराण्यांतल्या पेशी एकत्र नांदू लागल्या.

पहिलं घराणं चेतानलिकेच्या भिंतीचं. ॲस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट, मेंदूच्या पोकळ्यांना अस्तर देणाऱ्या एपेंडायमल पेशी, डोळ्याच्या पडद्यातल्या म्युलर पेशी आणि अनुमस्तिष्कातली बर्गमन ग्लिया या सगळ्या याच भिंतीतून येतात. दुसरं घराणं न्यूरल क्रेस्टचं, म्हणजे चेतानलिका मिटताना तिच्या वरच्या कडेवरून सुटून शरीरभर पसरणाऱ्या पेशींचं. श्वान पेशी, गँगलियनमधल्या सॅटेलाइट पेशी आणि आतड्यातली एंटेरिक ग्लिया ही त्यांची संतती. तिसरं घराणं मायक्रोग्लियाचं. त्यांचा चेतानलिकेशी जन्माचा काहीच संबंध नाही. त्या पीतक पिशवीतल्या रक्तजनक पेशींपासून येतात आणि बाहेरून मेंदूत शिरतात.

जाता जाता एक दुरुस्ती. ‘मेंदूत चेतापेशींच्या दहापट ग्लिया असतात’ हे वाक्य अजून पुस्तकांत सापडतं. २००९ साली पेशीकेंद्रकं मोजून केलेल्या गणनेत मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि सुमारे ८५ अब्ज इतर पेशी निघाल्या. त्या इतर पेशींत रक्तवाहिन्यांच्या पेशीही आल्या. म्हणजे प्रमाण फार तर एकास एक.

आधी चेतापेशी, मग ग्लिया: हे कोण ठरवतं?

चेतानलिका मिटते तेव्हा तिची भिंत न्यूरोएपिथेलियल पेशींच्या एकाच थराची असते. दहाव्या ते बाराव्या दिवसादरम्यान या पेशी रेडियल ग्लिया होतात. तिचं एक टोक पोकळीच्या बाजूला, दुसरं बाहेरच्या पृष्ठभागाला टेकलेलं आणि मध्ये लांब दोरीसारखा तंतू. बराच काळ हिला नव्या चेतापेशींनी चढून जायची शिडी एवढंच मानलं जाई. २००० आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसलं की रेडियल ग्लियाच विभागून चेतापेशी देते. नावात ‘ग्लिया’ असली तरी ती मूलपेशी आहे, हे मनात पक्कं असावं. पुढचे अर्धे गोंधळ तिथेच मिटतात.

प्रमस्तिष्काच्या बाह्यकात हीच पेशी साधारण अकराव्या ते सतराव्या दिवसापर्यंत चेतापेशी देते, सतराव्या-अठराव्या दिवसापासून ॲस्ट्रोसाइट देऊ लागते आणि जन्माच्या आसपास ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी देते. हा क्रम बशीतही टिकतो. बाह्यकातल्या सुट्या मूलपेशी एकेकट्या वाढवल्या तरी त्या आधी चेतापेशी देतात आणि ग्लिया नंतर. म्हणजे घड्याळाचा मोठा भाग पेशीच्या आतच आहे.

हे घड्याळ निदान तीन चाकांवर चालतं, आणि ती चाकं एकमेकांत अडकलेली आहेत.

पहिलं चाक म्हणजे बाहेरून येणारा इशारा, आयएल-६ कुळातले संदेशवाहक रेणू: सीएनटीएफ, एलआयएफ आणि गर्भात मुख्यतः कार्डिओट्रोफिन-१. ते जीपी१३० या रिसेप्टरद्वारे जेएके-स्टॅट३ मार्ग चालू करतात आणि स्टॅट३ जीएफएपीसारख्या जनुकांवर बसतो. बीएमपी या इशारा देणाऱ्या प्रथिनामुळे जागा होणारा स्मॅड१ हा पी३०० या सहायक प्रथिनाच्या पुलावरून स्टॅट३ला येऊन मिळतो आणि जोर वाढतो. यातली सुंदर गोष्ट अशी की कार्डिओट्रोफिन-१ नव्याने तयार झालेल्या चेतापेशीच स्रवतात. पुरेशा चेतापेशी झाल्या की त्यांच्याकडूनच ‘आता ग्लिया करा’ असा निरोप मागे मूलपेशीकडे जातो.

मग हा निरोप आधीच का लागू होत नाही? कारण दुसरं चाक अडवून धरतं. चेतापेशी घडवणारा न्यूरोजेनिन-१ हा घटक पी३०० आणि स्मॅड१ यांना स्वतःकडे ओढून ठेवतो, त्यामुळे ते स्टॅट३च्या हाती लागत नाहीत. शिवाय जीएफएपीच्या प्रमोटरमधली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागातली) स्टॅट३ बसण्याची जागा ११.५व्या दिवशी मिथाइल गटांनी बंद असते आणि १४.५व्या दिवसापर्यंत मोकळी होते. म्हणून अकराव्या दिवसाच्या गर्भातल्या मूलपेशींवर एलआयएफ कितीही ओतलं तरी ॲस्ट्रोसाइट मिळत नाहीत. हा प्रयोग फसला की बहुतेक जण एलआयएफची बाटली बदलतात. बदलायचा असतो गर्भाचा दिवस.

कुलूप उघडणारं तिसरं चाक म्हणजे नॉच हा संदेशमार्ग आणि सॉक्स९ व एनएफआयए हे जनुकं चालवणारे घटक. नवजात चेतापेशी आपल्या पृष्ठभागावरच्या रेणूंनी शेजारच्या मूलपेशीतला नॉच मार्ग चालू करतात, त्यातून एनएफआयए वाढतं आणि जीएफएपीच्या प्रमोटरवरची मिथाइल गटांची पकड सुटते. मेरुरज्जूत सॉक्स९ एनएफआयएला चालू करतो आणि मग दोघं जोडीने पुढची जनुकं चालवतात. या टप्प्याचं महत्त्व मानवी मूलपेशींच्या कामात फार व्यावहारिक ठरलं. मानवी आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या मूलपेशींपासून) ॲस्ट्रोसाइट करायला पूर्वी कित्येक महिने लागत, कारण पेशी आपल्या मूळ वेगानेच चालत राहतात. एनएफआयए थोडे दिवस जबरीने चालू केलं, किंवा सॉक्स९ आणि एनएफआयबी जोडीने दिले, की काही आठवड्यांत काम होतं. ऑलिगोडेंड्रोसाइटसाठी सॉक्स१०, ऑलिग२ आणि एनकेएक्स६.२ हे त्रिकूट तसंच वापरतात.

फळमाशीत ‘जीसीएम’ हे एकच जनुक ग्लियाचा मुख्य खटका आहे. तसाच एक खटका आपल्यात असावा म्हणून पुष्कळ शोध झाला. पृष्ठवंशीयांत जीसीएमची भावंडं आहेत खरी, पण जीसीएम१ वारेत आणि जीसीएम२ पॅराथायरॉइड ग्रंथीत काम करतं. पृष्ठवंशीयांत एका खटक्याऐवजी वरची ही गुंतागुंत आहे, आणि ती टाळून सोपं उत्तर देता येत नाही.

जागा: मेरुरज्जू आणि पुढचा मेंदू

मेरुरज्जूत खालून, म्हणजे नोटोकॉर्ड आणि फ्लोअर प्लेटकडून, सॉनिक हेजहॉग हे इशारा देणारं प्रथिन झिरपतं आणि वरून बीएमपी व डब्ल्यूएनटी. या दोन उतारांमुळे भिंतीचे आडवे पट्टे पडतात. ऑलिग२ असलेल्या ‘पीएमएन’ या पट्ट्यातून नवव्या-दहाव्या दिवशी चलनचेतापेशी निघतात आणि १२.५व्या दिवसापासून त्याच पट्ट्यातून ऑलिगोडेंड्रोसाइटचे पूर्वज. पट्टा तोच, ऑलिग२ तोच, निष्पत्ती वेगळी. फरक असा पडतो की न्यूरोजेनिन-२ खाली येतं, सॉक्स९ आणि एनएफआयए आलेले असतात आणि ऑलिग२च्या १४७व्या स्थानावरच्या सेरीनवरचा फॉस्फेट निघतो, त्यासरशी ऑलिग२ आपले जोडीदार बदलतो. ऑलिग१ आणि ऑलिग२ दोन्ही काढलेल्या उंदराच्या मेरुरज्जूत चलनचेतापेशीही होत नाहीत आणि ऑलिगोडेंड्रोसाइटही नाहीत. हे २००२ साली दाखवलं गेलं.

शेजारच्या पट्ट्यांतून ॲस्ट्रोसाइट येतात आणि त्यांनाही जागेची खूण असते. पॅक्स६ आणि एनकेएक्स६.१ यांच्या कमी-जास्त मिश्रणानुसार पांढऱ्या भागातल्या ॲस्ट्रोसाइटचे तीन गट पडतात आणि ते रीलिन व स्लिट१ वेगवेगळ्या जोड्यांनी दाखवतात. सगळे ऑलिगोडेंड्रोसाइट खालूनच येतात असंही नाही. १५व्या दिवसाच्या सुमारास वरच्या पट्ट्यांतूनही काही पूर्वज निघतात, आणि त्यांना हेजहॉगची गरज पडत नाही. म्हणून हेजहॉग अडवूनही थोडे ऑलिगोडेंड्रोसाइट उरले तर औषध कमी पडलं असं लगेच लिहू नये.

पुढच्या मेंदूत तीन लाटा येतात. पहिली १२.५व्या दिवसाच्या सुमारास एनकेएक्स२.१ असलेल्या तळभागातून, दुसरी १५व्या दिवशी जीएसएच२ असलेल्या बाजूच्या फुगवट्यांतून, तिसरी जन्माच्या वेळी ईएमएक्स१ असलेल्या बाह्यकातून. पहिल्या लाटेतल्या बहुतेक पेशी पिल्लू मोठं होईपर्यंत नाहीशा होतात. गंमत अशी की यातली कुठलीही एक लाट मारून टाकली तरी उरलेल्या लाटा जागा भरून काढतात आणि प्रौढ मेंदूत मायलिन (ऑलिगोडेंड्रोसाइट चेतापेशींच्या लांब तंतूंभोवती गुंडाळतात ते वेष्टण) नेहमीसारखंच दिसतं. त्यामुळे केवळ प्रौढ प्राण्याचे काप पाहून विकासाबद्दल निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

हा सगळा खेळ डोळ्यांनी पाहायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कोंबडीचं अंडं. फलित अंडी हॅचरीतून घ्यावी लागतात, किराणा दुकानातली चालत नाहीत. अंडी ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअसला आडवी उबवा. साधारण दोन दिवसांनी, हॅम्बर्गर-हॅमिल्टन क्रमातल्या १२ ते १५ टप्प्यांवर, सुईने दोन-तीन मिली पांढरा बलक काढून वर खिडकी पाडा. चेतानलिकेत प्लाझमिड (हवं ते जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) भरून १८ ते २५ व्होल्टचे, प्रत्येकी ५० मिलिसेकंदांचे पाच पल्स द्या. डीएनए ऋणभारित असल्याने तो धन इलेक्ट्रोडकडच्या बाजूतच शिरतो आणि दुसरी बाजू आपोआप तुलनेसाठी कोरी मिळते. इथे हमखास होणारी चूक अशी: साधा प्लाझमिड गुणसूत्रात जोडला जात नाही, पेशी विभागत जातात तसा तो विरळ होतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी ग्लियाची वेळ येते तेव्हा संकेत उरलेलाच नसतो. मग ‘या जनुकाचा ग्लियावर परिणाम नाही’ असं लिहिलं जातं. टोल२ किंवा आरसीएएससारखं, गुणसूत्रात बसणारं वाहक वापरा.

पूर्वज पेशीपासून मायलिनपर्यंत

ऑलिगोडेंड्रोसाइटची पूर्वज पेशी (पुढे तिला ओपीसी म्हणतो) पीडीजीएफआर-अल्फा आणि एनजी२ दाखवते. ऑलिग२ आणि सॉक्स१० तिच्या केंद्रकात असतात. ती रक्तवाहिन्यांचा आधार घेत लांब जाते आणि पीडीजीएफ-एए या वाढीच्या घटकावर विभागते. पुढे ती ओ४ या प्रतिपिंडाने रंगू लागते, मग ओ१ने, मग एमबीपी आणि पीएलपी ही मायलिनची प्रथिनं येतात, आणि पक्व मायलिनवर एमओजी सर्वांत शेवटी.

ती किती वेळा विभागेल याचंही आतलं घड्याळ असतं. रॅटच्या दृष्टिचेतेतून काढलेल्या ओपीसी एकेकट्या वाढवल्या तर जास्तीत जास्त आठेक वेळा विभागून थांबतात, आणि एकाच पेशीच्या मुली वेगवेगळ्या बशांत ठेवल्या तरी जवळपास एकाच वेळी थांबतात. पण थांबायचा निरोप थायरॉइड संप्रेरकाने दिला तरच. पीडीजीएफ भरपूर आणि टी३ (हेच थायरॉइड संप्रेरक) शून्य असेल तर बहुतेक पेशी विभागतच राहतात. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेत मायलिन उशिरा आणि कमी होण्यामागे हे एक कारण आहे. टी३ मेंदूत नेणाऱ्या एमसीटी८ वाहकात दोष असलेल्या मुलांतही मायलिन मागे पडतं.

शेवटचा टप्पा फार घाईचा असतो. झेब्राफिशच्या जिवंत अळीत पाहिलं तर एक ऑलिगोडेंड्रोसाइट आपली सगळी मायलिन वेटोळी सुमारे पाच तासांत सुरू करतो. त्यानंतर त्यात फारशी भर पडत नाही. अक्षतंतूची, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूची, जाडीही मोजली जाते. कृत्रिम तंतू दिले तरी ओपीसी त्यांना गुंडाळतात, पण व्यास ०.४ मायक्रोमीटरच्या वर असेल तरच नीट. म्हणजे सुरुवात करायला जिवंत अक्षतंतूच हवा असं नाही. कुठल्या अक्षतंतूवर किती, हे मात्र पुढे चेतापेशींची सक्रियता बदलते.

माणसात याचं सर्वांत गंभीर रूप अकाली जन्मलेल्या बाळांत दिसतं. गर्भाच्या २३ ते ३२ आठवड्यांत मेंदूच्या पांढऱ्या भागात बहुतांश पेशी ओ४ असलेल्या, पण मायलिन न करणाऱ्या टप्प्यावर असतात. ऑक्सिजन कमी पडणं, ग्लुटामेट वाढणं आणि ऑक्सिडीकरणाचा ताण याच टप्प्याला सर्वांत जास्त बाधतात, कारण या पेशींवर ग्लुटामेटचे रिसेप्टर भरपूर आणि आतली संरक्षक यंत्रणा तोकडी. महिनाभर आधी किंवा नंतर तोच आघात झाला तर इजेचं रूप वेगळं दिसतं. नवजात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांनी ग्लियाचा विकास शिकावा तो या आठवड्यांसाठी.

न्यूरल क्रेस्ट आणि पीतक पिशवी

श्वान पेशींचा क्रम त्यामानाने सरळ आहे. क्रेस्टमधून १२-१३व्या दिवशी श्वान पूर्वज पेशी, १५-१६व्या दिवसापासून अपक्व श्वान पेशी आणि जन्माच्या सुमारास दोन वाटा. जाड अक्षतंतू (साधारण एक मायक्रोमीटरहून जास्त) वेगळा काढून एका पेशीने त्याच्या एकाच भागाला मायलिन द्यायचं, किंवा बारीक तंतूंची जुडी मायलिनविना सांभाळायची. पूर्वज पेशी जगते ती अक्षतंतूवरच्या न्यूरेग्युलिन-१वर, ईआरबीबी२ आणि ईआरबीबी३ या जोडीमार्फत. त्याच न्यूरेग्युलिनच्या मात्रेवर मायलिनची जाडी ठरते. सॉक्स१० नसेल तर परिघीय ग्लिया होतच नाही आणि क्रॉक्स२० नसेल तर श्वान पेशी मायलिनच्या उंबरठ्यावर अडते. ऑलिगोडेंड्रोसाइट अनेक अक्षतंतूंना वेटोळी देतो, श्वान पेशी एकालाच, हा फरक इजेनंतरच्या दुरुस्तीत फार महत्त्वाचा ठरतो.

मायक्रोग्लियाबद्दल पीओ डेल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ सालीच सांगितलं होतं की या वेगळ्या पेशी आहेत आणि त्या मध्यस्तरातून येतात. त्यावर अनेक दशकं वाद चालला. २०१० साली वंशावळीच्या खुणा वापरून सिद्ध झालं की उंदरात त्या आठव्या दिवसाआधीच पीतक पिशवीत तयार होणाऱ्या पेशींपासून येतात, ९.५व्या दिवसाच्या सुमारास मेंदूत पोचतात आणि नंतर रक्तातून फारशी भर न पडता स्वतःच विभागून टिकतात. पीयू.१ आणि सीएसएफ१आर यांच्याविना त्या होत नाहीत. म्हणजे मेंदूत पहिले ॲस्ट्रोसाइट यायच्या कितीतरी आधी मायक्रोग्लिया तिथे हजर असते. बशीत ती त्रास देते तेव्हा हे आठवावं.

मार्कर कुठे फसवतात

जीएफएपी म्हणजे ॲस्ट्रोसाइट, हे समीकरण दोन्ही बाजूंनी तुटतं. उंदराच्या निरोगी बाह्यकात राखाडी भागातले पुष्कळ ॲस्ट्रोसाइट जीएफएपीने जवळजवळ रंगत नाहीत, आणि रंगले तरी पेशीचा साधारण १५ टक्केच आकार दिसतो. उलट प्रौढ मेंदूतल्या मूलपेशी जीएफएपीने रंगतात आणि माणसासह वानरकुळात रेडियल ग्लियाही रंगते. मोजणीसाठी सॉक्स९ किंवा एएलडीएच१एल१ घ्या. एस१००-बीटा एकटं वापरू नका, ते काही ऑलिगोडेंड्रोसाइटमध्येही असतं. एनजी२ रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइटवरही असतं, म्हणून सोबत ऑलिग२ किंवा सॉक्स१० हवंच. ऑलिग२ एकटं पुरेसं नाही: १०व्या दिवशी ते चलनचेतापेशींच्या पूर्वजात असतं आणि जन्मानंतर बाह्यकातल्या काही तरुण ॲस्ट्रोसाइटमध्येही.

क्री-लॉक्स (ठरावीक पेशींतच जनुक काढण्याची किंवा त्यांना खूण करण्याची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी: एचजीएफएपी-क्री रेडियल ग्लियात १३.५व्या दिवसाच्या सुमारासच चालू होतो, त्यामुळे बाह्यकातल्या बहुतेक चेतापेशीही रंगून येतात. ‘ॲस्ट्रोसाइटमधून जनुक काढलं’ असं त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी जन्मानंतर टॅमॉक्सिफेन देऊन चालू करायचा एएलडीएच१एल१-क्रीईआरटी२ बरा. गर्भारपणात टॅमॉक्सिफेन दिलं तर प्रसूती अडते. प्रोजेस्टेरॉन सोबत द्यावं लागतं आणि बऱ्याचदा पिल्लं शस्त्रक्रियेने काढून दुसऱ्या मादीकडे द्यावी लागतात. ईडीयूने (विभागणाऱ्या पेशीच्या नव्या डीएनएत बसणाऱ्या खुणेने) जन्मतारीख ठरवताना लक्षात ठेवा की ओपीसी आणि जन्मानंतरचे तरुण ॲस्ट्रोसाइट जागेवरच विभागत राहतात. बाह्यकातली ॲस्ट्रोसाइटची मोठी वाढ याच स्थानिक विभाजनातून होते. त्यामुळे खूण पातळ होत जाते आणि शेवटी दिसत नाही. न दिसणं म्हणजे ती पेशी त्या दिवशी जन्मलीच नाही असं नव्हे.

आता बशी

जन्माच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रॅटच्या बाह्यकात काय असतं ते वरच्या वेळापत्रकावरून कळतं: चेतापेशींचा जन्म संपलेला, ॲस्ट्रोसाइट जोरात विभागणारे, ओपीसी नुकत्या येऊ लागलेल्या, मायक्रोग्लिया आधीपासून हजर. त्यावर १० टक्के सीरमचं (गोठलेल्या रक्तातून निथळलेल्या द्रवाचं) माध्यम घातलं की ॲस्ट्रोसाइट गालिचा अंथरतात. तुमच्या बशीत दिसलं ते हेच, आणि त्यात चूक काही नाही. ओपीसी त्या गालिच्यावर बसलेल्या असतात. त्या वेगळ्या करायची १९८०पासूनची पद्धत हलवून सोडवण्याची आहे.

फ्लास्कला पॉली-डी-लायसिन (१० मायक्रोग्रॅम प्रति मिली) किमान तासभर लावा आणि पाण्याने तीनदा धुवा. न चिकटलेलं लायसिन पेशींना मारतं. बाह्यक काढताना मेनिंजेस (मेंदूवरची आवरणं) पूर्ण सोलून काढा. जे उरतं त्यातून फायब्रोब्लास्ट वाढतात आणि त्यांना नंतर हटवता येत नाही. ७५ चौरस सेंटिमीटरच्या एका फ्लास्कला एक ते दोन पिल्लांची बाह्यकं पुरतात. माध्यम दर तीन दिवसांनी बदला. आठव्या ते दहाव्या दिवशी खालचा थर सलग होतो आणि वर बारीक, गडद, दोन टोकांच्या पेशी चमकताना दिसतात. त्या दिसल्याशिवाय हलवू नका.

फ्लास्क आधी काही तास कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवून झाकण घट्ट लावा. साध्या शेकरमध्ये झाकण सैल राहिलं तर माध्यम जांभळट होतं आणि सकाळी हाती मेलेल्या पेशी येतात. ३७ अंशांवर मिनिटाला २०० फेऱ्यांनी आधी एक तास हलवा आणि ते माध्यम काढून टाका. त्यात मुख्यतः मायक्रोग्लिया असते. ताजं माध्यम घालून पुन्हा १८ ते २० तास हलवा. आता सुटलेल्या पेशी काहीही न लावलेल्या साध्या पेट्री बशीत २० ते ३० मिनिटं ठेवा. उरलेली मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट प्लास्टिकला लवकर चिकटतात, ओपीसी बऱ्याच अंशी तरंगत राहतात. त्या अलगद उचला. ही अर्ध्या तासाची पायरी गाळली की पुढचं सगळं कल्चर मायक्रोग्लियाने भरतं.

यानंतर सीरम बंद. हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. रॅटच्या दृष्टिचेतेवरच्या १९८३च्या कामात हीच पूर्वज पेशी सीरमविना ऑलिगोडेंड्रोसाइट होते आणि सीरममध्ये जीएफएपी असलेली पेशी होते, असं दिसलं. तिला ‘ओ-२ए’ हे नाव त्यावरूनच पडलं. प्रत्यक्ष मेंदूत ती असं जवळजवळ करत नाही. म्हणजे सीरमच्या बशीत ओपीसीचं रूपांतर झालेलं पाहून विकासाबद्दल निष्कर्ष काढू नका. ॲस्ट्रोसाइटचंही तेच: रक्तद्रव मेंदूत सहसा शिरत नाही, म्हणून सीरममध्ये वाढलेला ॲस्ट्रोसाइट चपटा आणि इजा झाल्यासारखा वागतो. निरोगी हवा असेल तर प्रतिपिंडांनी निवडून एचबी-ईजीएफ या वाढीच्या घटकावर, 5 नॅनोग्रॅम प्रति मिली, सीरमविना वाढवा.

ओपीसी वाढवायच्या तर इन्सुलिन ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ट्रान्सफेरिन, प्युट्रेसिन, प्रोजेस्टेरॉन आणि सेलेनियम असलेल्या माध्यमात पीडीजीएफ-एए १० नॅनोग्रॅम प्रति मिली द्या. पीडीजीएफचा साठा वारंवार गोठवून वितळवला तर त्याचा जोर जातो, म्हणून छोट्या वाटण्या करून ठेवा. मायलिनच्या दिशेने न्यायच्या तर पीडीजीएफ काढा आणि टी३ ४० नॅनोग्रॅम प्रति मिली द्या. तीन ते पाच दिवसांत एमबीपीचे पसरट पडदे दिसायला हवेत. पीडीजीएफ असूनही पेशी फांद्या फोडू लागल्या तर बहुधा दाटी जास्त झाली आहे. नुसत्या गर्दीनेही ओपीसी पक्व होऊ लागतात.

रंगवताना ओ४, ओ१ आणि ए२बी५ हे तिन्ही आयजीएम वर्गाचे प्रतिपिंड आहेत आणि ते पृष्ठभागावरच्या मेदयुक्त रेणूंना धरतात. ट्रायटन (पेशीचं आवरण विरघळवणारं द्रव्य) आधी लावलं की ते रेणू धुऊन जातात आणि बशी कोरी दिसते. म्हणून आधी हे प्रतिपिंड, मग ट्रायटन, मग एमबीपी. दुय्यम प्रतिपिंड आयजीएमच्या म्यू साखळीविरुद्धचाच घ्या.

तुमच्या पुढच्या खेपेला वेगळ्या केलेल्या पेशी तीन काचांवर पसरा आणि दुसऱ्या दिवशी एकीवर ऑलिग२ व पीडीजीएफआर-अल्फा, दुसरीवर जीएफएपी व सॉक्स९, तिसरीवर आयबीए१ (मायक्रोग्लियाची खूण) लावून मोजा. आयबीए१ दहा टक्क्यांच्या वर गेलं तर पहिल्या तासाचं हलवणं किंवा पेट्री बशीतली अर्ध्या तासाची पायरी कमी पडली. जीएफएपी जास्त आलं तर थर सलग होण्याआधी हलवलं किंवा सीरम मागे राहिलं. ऑलिग२ भरपूर पण पीडीजीएफआर-अल्फा कमी असेल तर पेशी तुमच्या हातात येण्याआधीच पुढच्या टप्प्यावर गेल्या आहेत. तेव्हा फ्लास्क दोन दिवस आधी हलवा.